पहिले वर्ष: भीती, फी आणि न उघडलेला फराळाचा डबा

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात मसाला दुधाचा पेला हातात असताना दोन-तीन पालकांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "मुलगी सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेली. फोन केला की 'सगळं छान आहे' म्हणते. खरंच छान असेल का हो?" आपल्या संपादकांच्या कानावर ते गेले आणि त्यांनी मला या सदरासाठी लिहिण्याची गळ घातली. मी डॉक्टर नाही आणि अकाउंटंटही नाही. संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाची भीती मी दोनदा जवळून पाहिली आहे. एकदा स्वतःची, पुण्यात. दुसऱ्यांदा माझ्या भाचीची, इथे कॉव्हेंट्रीत. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी ओळख. कॉव्हेंट्रीत दोन विद्यापीठे आहेत. एक शहराच्या मध्यभागी, कथीड्रलच्या शेजारी, कॉव्हेंट्री युनिव्हर्सिटी. ही पूर्वीची पॉलिटेक्निक, १९९२ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दुसरी १९६५ साली सुरू झालेली वॉरिक युनिव्हर्सिटी. नाव वॉरिकचे, पण कॅम्पस कॉव्हेंट्रीच्या कडेला. त्यामुळे पाहुणे मंडळी वॉरिक स्टेशनला उतरतात आणि तिथून "आता कुठे यायचं?" असा फोन करतात. दर वर्षी शरद ऋतूत या शहरात रजया, भांडी, राइस कुकर आणि गोंधळलेले आईवडील यांनी भरलेल्या गाड्या येतात. त्या गाड्यांत आपल्या लोकांच्याही असतात. २०२४ साली त्यांतली एक माझ्या ताईची होती.

"ती तर इथलीच, तिला काय अवघड?"

ताई आणि दाजी रेडिंगला राहतात. भाची तिथेच जन्मली आणि वाढली. मामा-मामी कॉव्हेंट्रीतच, घरापासून बसने वीस मिनिटांवर तिचे वसतिगृह. आम्ही सगळेच निर्धास्त होतो. ताई तर म्हणालीच, "आम्ही दोन बॅगा घेऊन परक्या देशात आलो. हिला भाषेचा प्रश्न नाही, थंडीचा नाही. ती तर इथलीच!"

आता मागे वळून पाहताना वाटते की आमची पहिली चूक या वाक्यात होती. भाषा येते म्हणून भीती वाटत नाही असे थोडेच आहे? दोनशे मुलांच्या व्याख्यानात कोणीच आपल्याला ओळखत नाही. शाळेत पहिला नंबर काढणारी मुलगी इथे पहिला नंबर काढणाऱ्यांच्याच गर्दीत येऊन पडते. लहान गटाच्या सेमिनारमध्ये शिक्षक एकेकाला मत विचारतात. स्वयंपाकघर आठ जणांत मिळून, आणि त्यांतले निम्मे रात्री तीनला पार्टी करून परततात. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की अंधार लवकर पडतो, आणि डिसेंबरात तर चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो.

हे सगळे भाचीला जड जात होते. पण त्याहून जड होते आम्ही दिलेले ते प्रशस्तिपत्रक. ती मला नंतर म्हणाली, "मामा, आई-बाबा काही नसताना आले आणि त्यांनी सगळं उभं केलं. मला तर त्यांनी गाडीतून आणून सोडलं, पलंगावर चादरसुद्धा घालून दिली. मग मी कुठल्या तोंडानं सांगू की मला भीती वाटते?"

चकलीचा डबा

सुरुवातीला ती दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. ऑक्टोबर संपता संपता येणे थांबले. कधी असाइनमेंट, कधी सर्दी. दिवाळीचा फराळ माझ्या बायकोने तिच्या वसतिगृहाच्या दारातच देऊन टाकला, कारण भाची घाईत होती. नोव्हेंबरच्या मध्याला एका शनिवारी मी न कळवता गेलो. निमित्त म्हणून भाजी-भाकरीचा डबा घेतला होता.

दार उघडायला पाच मिनिटे लागली. दुपारचे दोन वाजले होते आणि पडदे बंद होते. टेबलावर आमचा फराळाचा डबा तसाच होता. झाकणावर माझ्या बायकोने लावलेली चिकटपट्टीही निघालेली नव्हती. ही मुलगी लहानपणी देवाला नैवेद्य दाखवायच्या आत चकली पळवायची! मला जे कळायचे ते त्या चिकटपट्टीने कळले.

हळूहळू गोष्ट बाहेर आली. ऑक्टोबरात एका सेमिनारमध्ये तिची बोलायची पाळी आली, छातीत धडधडू लागले, हातापायांना घाम सुटला, शब्द फुटेना. ती उठून बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात त्या सेमिनारला गेली नाही. मग ज्या व्याख्यानांत तीच मुले भेटतील तिथेही नाही. तीन आठवडे ती वर्गात गेलेली नव्हती. रात्री झोप नाही, सकाळी पोटात दुखणे, जेवण म्हणजे टोस्ट.

इंग्रजीत एखाद्याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणे' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ वाळीत टाकणे, त्याच्याशी कोणीच बोलायचे नाही. माझ्या भाचीला कोणी वाळीत टाकले नव्हते. तिचे तिनेच स्वतःला टाकले होते.

"प्लीज, आईला सांगू नकोस," ती म्हणाली. आणि मग खरे कारण आले. "नऊ हजार पौंड फी. माझ्यामुळे वाया गेली."

माझी केटी

तिला मी लगेच उपदेश केला नाही, याचे श्रेय माझ्या वडिलांना. मी बार्शीच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून २००५ साली पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. वर्गात सगळे इंग्रजीत. शेजारचा मुलगा हसून प्रश्न विचारायचा आणि मला प्रश्नही समजायचा नाही. पहिल्या सत्रात एम-वनला, म्हणजे गणिताच्या पेपरला, शंभरात सत्तावीस मिळाले. केटी लागली. घरी मी दोन महिने "अभ्यास मस्त चालू आहे" असेच सांगत राहिलो. मेसमध्ये जेवण जाईना. एसटी स्टँडवर जाऊन बार्शीची गाडी बघून परत यायचो.

शेवटी बाबाच एका रविवारी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन कॉट-बेसिसच्या खोलीवर आले. गुणपत्रिका पाहिली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मला वाटले आता आपली खैर नाही. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि विचारले, "बरं. पुन्हा परीक्षा कधी आहे?" एवढेच. त्या रात्री मी दोन महिन्यांनी पोटभर जेवलो.

तेव्हा भाचीच्या खोलीत मीही तेच विचारले. "बरं. पुढची तारीख कोणती आहे?" पुढची असाइनमेंट अकरा दिवसांवर होती. आणि फीचे म्हणाल तर, मी खिशातली टेस्कोची पावती काढली आणि तिच्या मागे हिशेब मांडला. तो हिशेब आपल्या सर्व कुटुंबांना उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

पावतीमागचा हिशेब

इंग्लंडमधील विद्यार्थ्यासाठी २०२४-२५ ची वार्षिक फी जास्तीत जास्त ९,२५० पौंड होती. २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड झाली. फीचे सरकारी कर्ज घेतले असेल तर ते एकदम दिले जात नाही. पहिल्या सत्राला २५ टक्के, दुसऱ्याला २५ टक्के आणि तिसऱ्याला ५० टक्के असे ते विद्यापीठाकडे जाते. म्हणजे नोव्हेंबरात भाचीने सगळे सोडले असते, तरी तिच्या नावावर फीचे २,३१२ पौंड ५० पेन्स लागले असते, ९,२५० नव्हे. ही रक्कम लहान नाही. पण जिच्या ओझ्याखाली ती झोपत नव्हती, तिच्या ती एक चतुर्थांश होती.

दुसरी गोष्ट, पहिल्या पदवीसाठी हे कर्ज अभ्यासक्रमाची वर्षे अधिक एक जादा वर्ष इतके मिळू शकते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर एकूण चार वर्षे. पहिल्या वर्षात सोडून दुसरा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नव्याने धरला, तरी पूर्ण कर्ज मिळायला वाव राहतो. मात्र वर्षातला थोडा काळ शिकले तरी ते एक पूर्ण वर्ष मोजले जाते, म्हणून ही सवलत उधळू नये. आजारपणासारखे सबळ कारण पुराव्यानिशी दाखवले तर आणखी एका वर्षाचा विचार होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, परतफेड. इंग्लंडमधून ऑगस्ट २०२३ नंतर पदवी सुरू करणाऱ्यांना वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ९ टक्के भरावे लागतात, अशी योजना ठरली. पगार ३०,००० असेल तर वरच्या ५,००० वर ९ टक्के, म्हणजे वर्षाला ४५० पौंड, महिन्याला साडेसदतीस. चाळीस वर्षांनंतर उरलेले माफ होते. सावकाराच्या कर्जाची धास्ती आपल्या रक्तात आहे, ती वाईट नाही. पण हे कर्ज दारात वसुलीला येत नाही, पगारातून कापले जाते.

सावधगिरीच्या सूचनाही लिहितो. सत्राच्या मध्येच सोडले तर राहण्याच्या कर्जातला जास्तीचा दिलेला भाग परत मागतात. वसतिगृहाचा करार फीपेक्षा वेगळा असतो आणि खोली सोडली तरी भाडे चालू राहू शकते, तेव्हा तो आधी वाचावा. सोडण्यापूर्वी तारखा पाहाव्यात, कारण नवे सत्र सुरू झाले की पुढचा टप्पा लागू होतो. जानेवारी २०२७ पासूनच्या अभ्यासक्रमांसाठी सरकारने इंग्लंडमध्ये कर्जाची नवी व्यवस्था जाहीर केलेली आहे, म्हणून ज्याने त्याने आपापल्या वर्षाचे नियम तपासावेत.

भाचीने ती पावती तीन वेळा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे सगळं संपलेलं नाही." मी म्हटले, "नाही. आणि सोडायचं की राहायचं, हेही आज ठरवायचं नाही."

सोमवारी काय केले

सोमवारी ती प्रथम आपल्या पर्सनल ट्यूटरला भेटली. प्रत्येक विद्यार्थ्याला असा एक प्राध्यापक नेमून दिलेला असतो. आपली मुले त्यांच्याकडे जायला हेडमास्तरांकडे गेल्यासारखी घाबरतात. भेट बारा मिनिटांची झाली. तिथून तिला विद्यापीठाच्या वेलबीइंग विभागाकडे पाठवले. असाइनमेंटसाठी 'अडचणीच्या परिस्थितीचा' अर्ज असतो, त्याचे इंग्रजी नाव विद्यापीठागणिक बदलते. तो मुदतीच्या आत, पुराव्यासह भरायचा असतो. मुदत उलटल्यावर रडून फारसा उपयोग नसतो.

मग जी.पी. तिचे नाव अजून रेडिंगच्याच सर्जरीत होते! आपण एका वेळी एकाच जी.पी.कडे नोंदलेले राहू शकतो, त्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ जिथे जातो तिथे नोंद करावी. ही पहिल्या आठवड्यातली कामे. त्याच वेळी मेनिंजायटिसची मेन-ए-सी-डब्ल्यू-वाय लस झाली आहे का ते पाहावे. शाळेत राहून गेली असेल तर पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ती मोफत मिळते. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांनी तर जरूर विचारावे.

डॉक्टरांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि हा चिंतेचा त्रास आहे, त्यावर उपाय आहेत, असे सांगितले. ती एन.एच.एस. टॉकिंग थेरपीजकडे गेली. इंग्लंडमध्ये तिथे जी.पी.च्या चिठ्ठीशिवायही आपले आपण नाव नोंदवता येते. जाता जाता, ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे असा इथला सरकारी सल्ला सर्वांनाच आहे, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असेही सांगतात. त्याने भीती जात नाही, पण आपल्या हाडांची काळजी घेतली जाते.

पहिल्या काही आठवड्यांत धाकधूक होणे, घरची आठवण येणे हा आजार नव्हे. पण झोप, जेवण आणि वर्ग ही तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली असतील तर मदत घ्यावी. इंग्लंडमध्ये १११ ला फोन करून २ दाबले की मानसिक आरोग्याच्या तातडीच्या मदतीशी जोडून देतात. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर सरळ ९९९. चिंता किंवा नैराश्याचे दीर्घकाळचे निदान झालेले असेल तर डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. त्याला घरच्या उत्पन्नाची अट नाही आणि ते फेडावे लागत नाही. 'डिसेबल्ड' या शब्दाला बिचकून आपली कुटुंबे तो अर्ज करत नाहीत.

विद्यापीठ तुम्हाला फोन करणार नाही

ताईला सर्वांत मोठा धक्का याचा बसला. "तीन आठवडे पोरगी वर्गात नाही आणि आम्हाला कोणी कळवलं नाही?" कळवणार नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाली की विद्यार्थी सज्ञान. त्याची हजेरी, गुण, प्रकृती यांतले काहीही त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांना सांगत नाहीत, मग फी कोणी का भरेना. अगदी आणीबाणीची वेळ सोडून. अनेक विद्यापीठांत मुले आपणहून एका विश्वासाच्या व्यक्तीचे नाव नोंदवू शकतात. सप्टेंबरात गाडीत सामान भरतानाच हा विषय काढावा. ती व्यक्ती आईवडीलच असावी असा हट्ट नको. मावशी, मामा, मोठा भाऊ कोणीही चालेल.

स्टुडंट व्हिसावर पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. त्यांना वरचे सरकारी कर्ज नाही, आणि त्यांची गैरहजेरी किंवा अभ्यास सोडणे विद्यापीठाला गृहखात्याला कळवावे लागते. म्हणून वर्गात जाणे थांबवण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन बोलावे. तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

खर्चाच्या दोन गोष्टी

राहण्याचे कर्ज घरच्या उत्पन्नावर ठरते. आईवडिलांचे उत्पन्न जसे वाढते तसे ते कमी मिळते, आणि उरलेला भार घरच्यांनी उचलावा असे धरलेले असते. हे मुलांशी बसून, आकडे मांडून बोलावे. हप्ते तीन येतात. पहिला हप्ता हातात आला की मूल स्वतःला राजा समजते आणि नोव्हेंबरात रंक होते. भाचीने आता सगळे पैसे एका खात्यात ठेवून दर सोमवारी आठवड्यापुरते दुसऱ्या खात्यात वळते करण्याची सोय केली आहे.

दुसरे म्हणजे पुढच्या वर्षाचे घर. ओळख झाली न झाली तोच नोव्हेंबरात मुले "लवकर सही करा, घरं संपतील" म्हणू लागतात. एकत्रित करारात प्रत्येक जण सगळ्यांच्या भाड्याला जबाबदार असतो, आणि जामीनदार म्हणून सही करणारा बाप दुसऱ्याच्या मुलाच्या थकबाकीतही अडकू शकतो. वाचल्याशिवाय सही नको. अनामत रक्कम कायद्याने ३० दिवसांत संरक्षित योजनेत ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये भाडेकरूंचा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला आहे, म्हणून विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्राकडून करार तपासून घ्यावा.

रविवारचा फोन

आईवडिलांना सांगण्याचे काम मी केले नाही. भाचीनेच करायचे ठरवले, पण आमच्या स्वयंपाकघरातून. माझी बायको पोळ्या लाटत होती, मी कांदा चिरायचे नाटक करत होतो. स्पीकरवर तिने एका दमात सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दाजींचा आवाज आला. "मी पहिल्यांदा इथं ऑफिसात फोन वाजला की टॉयलेटमध्ये जायचो. इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून. सहा महिने. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही."

"आत्ता कळलं," ताई मागून म्हणाली, आणि भाची किती तरी दिवसांनी हसली.

वीस वर्षे दाजींनी आपल्या येण्याची गोष्ट सांगितली होती. तीत हे टॉयलेट कधीच नव्हते. माझ्या गोष्टीतही पुण्याचा एसटी स्टँड नव्हता. आपण मुलांना आपले यश सांगतो आणि भीती गाळतो, आणि मग मुलांना वाटते की घाबरणारे या घरात आपण पहिलेच.

भाचीने ते वर्ष सोडले नाही. एका विषयाची फेरपरीक्षा उन्हाळ्यात दिली आणि पास झाली. पहिल्या वर्षात पास होणे पुरेसे असते आणि अंतिम श्रेणीत ते गुण धरत नाहीत, असे बऱ्याच अभ्यासक्रमांत आहे. सगळीकडे तसे नाही, विभागाच्या पुस्तिकेत पाहावे. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनार तिला अजूनही आवडत नाही. पण जाते, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसते.

या दिवाळीला तिने फराळाचा डबा तिसऱ्याच दिवशी परत केला, रिकामा आणि धुऊन. सोबत चिठ्ठी होती: "मामी, चकली कमी होती."